बिघडले तर काय करायचे

पुतणी शिक्षणासाठी बॉस्टनला आल्यापासून तिचे बरेचसे शनिवार-रविवार आमच्याकडेच जातात. मागच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी तिने मैत्रिणींना खाऊ घालण्यासाठी हॉलंडेज, म्हणजे अंड्याच्या बलकाचा आणि बटरचा सॉस करायला घेतला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. त्यात एक हसतमुख तरुण पातेल्यात बटरची बारीक धार सोडत होता आणि हिच्या पातेल्यातही अगदी तसेच चालले होते. मग बघता बघता हिच्या पिवळ्या, तुकतुकीत मिश्रणात बारीक कण दिसू लागले आणि कडेने बटर वेगळे होऊन तरंगू लागले. तिने शेगडी बंद केली, व्हिडिओ मागे नेला, पुन्हा पाहिला, कानाशी धरून ऐकला. "काकू, ह्यात तर असं काही झालंच नाही," ती म्हणाली, आणि मी पुस्तकांच्या कपाटापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच तिने ते पातेले सिंकमध्ये उपडे केले.

वाया गेलेल्या अंड्यांचे आणि बटरचे मला फारसे काही वाटले नाही. ते वाक्य मात्र दिवसभर मनात खुपत राहिले. तिला जे दाखवले गेले होते त्यात काही बिघडलेच नव्हते, आणि म्हणून बिघडल्यानंतर पुढे जायला तिच्यापाशी वाटच नव्हती. पोर हुशार आहे, हाताला चव आहे, घाई करणारी नाही. तरीही एका क्षणात तिने ठरवून टाकले की हे आपल्याला येत नाही. ज्या पुस्तकाकडे मी निघाले होते, त्यात नेमक्या याच क्षणासाठी चार ओळी लिहून ठेवलेल्या आहेत, आणि माझ्या मते त्या पुस्तकाचे मोठेपण अशाच ओळींमध्ये आहे.

ते पुस्तक म्हणजे 'मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग'. सिमोन बेक, लुइझेट बेर्तोल आणि ज्युलिया चाइल्ड या तिघींनी लिहिलेले, 1961 च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या क्नॉफ या प्रकाशनसंस्थेने काढलेले, सातशेहून अधिक पानांचे. त्यात हॉलंडेजची कृती सुरू होण्याआधीच एक हिशेब दिलेला आहे. अंड्याचा एक पिवळा बलक जास्तीत जास्त 3 औंस, म्हणजे सुमारे 85 ग्रॅम बटर सामावून घेऊ शकतो. त्यापुढे गेले की त्याची धरून ठेवण्याची ताकद संपते आणि सॉस फुटतो. तुम्ही हा सॉस पहिल्यांदाच करत असाल तर बलकामागे 2 औंसांपुढे जाऊ नका, असेही तिथेच सांगितले आहे. मग बटर थेंबाथेंबाने का घालायचे, आच मंद का ठेवायची, हे येते. आणि शेवटी, सॉस दाट व्हायला तयार नसेल किंवा होऊन मग फुटला असेल तर काय करायचे, ते येते: एक भांडे गरम पाण्याने विसळून घ्या, त्यात चमचाभर लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा बिघडलेला सॉस घाला, तो दाटसर होईपर्यंत तारेच्या रवीने फेटा, आणि मग उरलेला सॉस अर्धा अर्धा चमचा करून, आधीचा मिळून आल्यावरच पुढचा, असा त्यात फेटत जा. याच्या शेवटी लेखिकांनी एक लहानसे आश्वासन दिले आहे, की हा उपाय नेहमी लागू पडतो. तो खरोखरच लागू पडतो. फुटलेला सॉस पुन्हा अंगासरशी येताना पाहणे हा स्वयंपाकघरातला एक विलक्षण अनुभव आहे. रवीखाली आधी काहीच घडत नाही, आणि मग अचानक तारांमागे रेघा उमटू लागतात.

माझी प्रत आमच्या गावच्या वाचनालयाने भरवलेल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून घेतलेली आहे. कोणा अनोळखी बाईंनी ती वर्षानुवर्षे वापरली असावी. सॉसच्या प्रकरणाची पाने तुपकट होऊन पारदर्शक झाली आहेत, माशांच्या प्रकरणाकडे कोणी फारसे फिरकलेले नाही, आणि हॉलंडेजच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले आहे की दुसऱ्या खेपेला जमले. खाली एक रेघ मारली आहे. त्या बाई कोण होत्या, कोणासाठी रांधत होत्या, हे कळायला काही मार्ग नाही. पण पहिल्या खेपेला त्यांचा सॉस फुटला होता आणि तरी त्या दुसऱ्यांदा शेगडीपाशी उभ्या राहिल्या, एवढे त्या रेघेवरून निश्चित कळते.

पाककृती लिहिणारा माणूस वाचणाऱ्याला काय समजतो, हे पानाच्या मांडणीवरूनही ओळखता येते. बहुतेक पुस्तकांत वर साहित्याची लांबलचक यादी असते आणि खाली कृती. आपण पिठाच्या हाताने वर-खाली करत राहतो. या पुस्तकात पानाचे दोन भाग केलेले आहेत. उजवीकडे कृती चालू असते आणि ज्या पायरीला जे लागते ते आणि तेवढेच डावीकडे तिच्या शेजारी लिहिलेले असते. वाचणारी बाई एकटी आहे, तिचे दोन्ही हात गुंतलेले आहेत, तिला एका वेळी एकच गोष्ट सांगावी, हा विचार त्या मांडणीमागे आहे. प्रस्तावनेतच लेखिकांनी म्हटले आहे की हे पुस्तक घरात नोकरचाकर नसलेल्या अमेरिकन बाईसाठी आहे. मी या देशात नवी आले तेव्हा मला ते वाक्य फार जवळचे वाटले होते. पुण्याच्या घरात स्वयंपाक शिकण्याची एक रीत होती: आई फोडणी करत असताना मागे उभे राहायचे, आणि काही बिघडले की तिने हातातून झारा काढून घ्यायचा. त्या झारा काढून घेण्यातच सगळे शिक्षण होते. इथे मागे वळून पाहिले तर कोणी नव्हते, आणि फोनवर विचारावे तर तिकडे मध्यरात्र झालेली असे.

ज्युलियाबाईंनाही मागे वळून पाहायला फारसे काही नव्हते. जन्म कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाचा, 15 ऑगस्ट 1912 चा. घरात स्वयंपाकीण होती, आणि तिशी उलटली तरी त्यांना धड स्वयंपाक येत नव्हता. महायुद्धात अमेरिकी गुप्तवार्ता खात्यातल्या नोकरीसाठी त्या 1944 साली जहाजाने मुंबईला उतरल्या आणि पुढे सिलोनमध्ये कँडीला गेल्या. तिथेच पॉल चाइल्ड भेटले. 1948 च्या नोव्हेंबरमध्ये हे जोडपे पॉल यांच्या नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये दाखल झाले आणि पॅरिसच्या वाटेवर रुआँ गावी जेवायला थांबले. बटरमध्ये परतलेला तो सोल मासा त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. पुढच्या वर्षी सदतिसाव्या वर्षी त्यांनी कॉर्दों ब्लू या पाकशाळेत नाव घातले. गृहिणींचा वर्ग फार वरवरचा वाटला म्हणून त्या युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या वर्गात जाऊन बसल्या आणि माक्स ब्युन्यार या वृद्ध आचाऱ्याच्या हाताखाली शिकल्या. उशिरा शिकलेल्या माणसाला आपण कुठे अडलो होतो ते लख्ख आठवत असते. ज्यांना बालपणापासून येते त्यांना ते सांगता येत नाही, कारण त्यांना न येणे ठाऊकच नसते. माझ्या आईला पुरणपोळी का फाटते ते विचारले तर ती म्हणे, "फाटत नाही." तिच्या हातून खरोखरच फाटत नसे.

सिमोन आणि लुइझेट या दोघी फ्रेंच मैत्रिणी अमेरिकन वाचकांसाठी पुस्तक लिहीतच होत्या; ज्युलियाबाई त्यात 1952 च्या सुमारास सामील झाल्या. त्यानंतर पॉल यांची बदली मार्सेयला झाली, मग जर्मनीत, मग वॉशिंग्टनला, मग ऑस्लोला. प्रत्येक ठिकाणी नवी शेगडी, नवा बाजार, आणि तिघींमध्ये टंकलिखित पत्रांची ये-जा. अमेरिकेतले पीठ फ्रान्समधल्या पिठासारखे वागत नाही, साय वेगळी, बटर वेगळे, म्हणून प्रत्येक कृती अमेरिकेत मिळणाऱ्या जिनसांनिशी पुन्हा करून पाहायची. ज्या बॉस्टनच्या प्रकाशकाशी करार होता त्याने 1959 मध्ये, एवढी पाने गृहिणींना झेपणार नाहीत अशा समजुतीने, हस्तलिखित परत केले. ते क्नॉफमध्ये ज्युडिथ जोन्स या तरुण संपादिकेच्या हाती पडले. याच बाईंनी आधी पॅरिसच्या एका कचेरीत, नाकारलेल्या बाडांमधून ॲन फ्रँकची डायरी बाहेर काढली होती, आणि पुढे 1973 मध्ये मधुर जाफरी यांचे भारतीय स्वयंपाकाचे पहिले पुस्तकही त्यांनीच काढले. त्यांनी निर्णय कसा घेतला, तर घरी जाऊन त्यातले बफ बूर्गिन्यों, म्हणजे रेड वाइनमध्ये शिजवलेले गोमांस, करून पाहिले.

ते बफ बूर्गिन्यों म्हणजे या पुस्तकातली सर्वांत गाजलेली पाककृती. आमच्या घरी गोमांस येत नाही, त्यामुळे मी ती कधी केलेली नाही आणि करणारही नाही, पण वाचली आहे ती मात्र इतर कुठल्याही कृतीपेक्षा जास्त. मांसाचे दोन इंची तुकडे कागदाने पुसून अगदी कोरडे करा, ओलसर राहिले तर त्यांना रंग चढणार नाही, असे त्यात लिहिले आहे. ते वाचताना मला आमची भेंडी आठवली. धुऊन, पंच्याने एकेक पुसून, पसरून ठेवलेली भेंडी; "ओली चिरलीस तर तार सुटेल," हे आजीचे बोल. पुढे त्याच कृतीतल्या मशरूमसाठी सांगितले आहे की बटरचा फेस निवेपर्यंत थांबा, मशरूम कोरडे असू द्या आणि तव्यात दाटी करू नका, नाहीतर ते परतले न जाता वाफवले जातील. हे एक वाक्य कळल्यापासून माझ्या बटाट्याच्या काचऱ्या सुधारल्या, सुरमईचे तुकडे सुधारले, वांग्याचे काप सुधारले. पाणी आहे तोवर पदार्थ उकळत्या पाण्याच्या तापमानाच्या वर चढत नाही आणि खरपूसपणाला त्याहून कितीतरी अधिक उष्णता लागते. आपल्या घरांमध्ये हे सगळ्या बायकांच्या हाताला ठाऊक होते. ते कारणासकट कागदावर उतरलेले मी प्रथम एका फ्रेंच पदार्थाच्या कृतीत वाचले, आणि आनंदाबरोबर थोडी रुखरुखही वाटली.

ही रुखरुख मला नीट सांगितली पाहिजे. आपल्याकडे पाकपुस्तके नव्हती असे अजिबात नाही. ज्युलियाबाईंहून एका वर्षाने लहान असलेल्या कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' 1970 मध्ये आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने त्यांनी घरोघरच्या नव्या सुनांना धीर दिला. परदेशी निघालेल्या कितीतरी मुलींच्या सामानात ते पुस्तक होते, माझ्याही होते. कमलाबाईंचे माप इतके बिनचूक की त्यांच्या कृतीने सहसा दगा दिला नाही. तरीही पुरण सैल झाले तर, पाक पुढे गेला तर, चकली तेलात विरघळली तर, या प्रश्नांची उत्तरे आपल्याकडे बहुतांशी तोंडीच राहिली. चकली विरघळली तर मोहन जास्त झाले, कडक झाली तर कमी पडले, हे सांगणारी बाई शेजारच्या खोलीत असायची म्हणून ते लिहिण्याची कोणाला गरज भासली नसावी. आता ती शेजारची खोली उरलेली नाही, आणि ते ज्ञान पुष्कळसे माणसांबरोबरच निघून गेले आहे. मला याचे मनापासून वाईट वाटते.

छापील पुस्तकाने जे केले तेच पुढे पडद्यावरही घडले, आणि तेही योगायोगाने. 1962 मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या वाहिनीवर पुस्तकांविषयीच्या कार्यक्रमात ज्युलियाबाईंना बोलावले होते. त्या जाताना विजेची शेगडी, अंडी आणि रवी घेऊन गेल्या आणि गप्पा मारता मारता त्यांनी ऑम्लेट करून दाखवले. ते पाहून प्रेक्षकांची पत्रे आली, आणि 11 फेब्रुवारी 1963 पासून 'द फ्रेंच शेफ' सुरू झाले. पहिल्या भागात बफ बूर्गिन्योंच होते. चित्रफितीची कापाकापी तेव्हा महाग असल्याने प्रत्येक भाग जवळपास सलग टिपला जाई, आणि मध्ये जे घडेल ते तसेच राही. एका भागात त्या बटाट्याचा मोठा पोळा उलटायला गेल्या. पदार्थ उलटायचा तर हिंमत पक्की हवी, असे बोलून त्यांनी तवा झटकला आणि अर्धा पोळा शेगडीवर सांडला. त्यांनी तो हाताने गोळा करून परत तव्यात ठेवला, दाबून सारखा केला आणि म्हणाल्या की तुम्ही स्वयंपाकघरात एकट्याच आहात, कोण पाहणार आहे? लोकांच्या आठवणीत पुढे त्या बटाट्याची कोंबडी झाली, टर्की झाली, ती जमिनीवर पडली असेही लोक शपथेवर सांगू लागले. तसे काही झालेले नव्हते. पण ते तसे आठवावे असे लोकांना वाटले, यातच त्यांना त्या बाईंकडून काय मिळाले ते कळते. सहा फूट दोन इंच उंचीच्या, चढ्या, हेलकावणाऱ्या आवाजाच्या या बाईंनी पोळा पडल्यावर क्षमा मागितली नाही, यावर माझा फार जीव आहे.

वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात त्यांचे बॉस्टनजवळच्या केंब्रिजच्या घरातले स्वयंपाकघर जसेच्या तसे मांडून ठेवले आहे. 2001 मध्ये त्यांनी ते दान केले. काचेपलीकडून ते पाहताना माझे लक्ष ओट्याकडे गेले. ज्युलियाबाईंच्या उंचीला साजेल असा तो पॉल यांनी मुद्दाम उंच करून घेतला होता. भिंतीवर भोकांच्या निळसर-हिरव्या फळ्या आहेत, त्यांवर तवे आणि पातेली टांगलेली, आणि प्रत्येक भांड्याची बाह्यरेषा पॉल यांनी फळीवर काढून ठेवलेली, म्हणजे घासलेले भांडे कोणीही उचलून बरोबर त्याच जागी लावावे. माझ्या शेजारी उभी असलेली एक अमेरिकन बाई आपल्या मुलीला दाखवत होती की हे झाकण आपल्या आजीकडे होते. मी आमच्या मांडणीचा विचार करत होते: तांब्याचे मोठे पातेले तळाला, वर उतरत्या क्रमाने वाडगी, आणि घरातल्या सगळ्या पोरांना कुठले भांडे कुठे ते अंधारातही ठाऊक. आमच्या आजीसाठी मात्र ओट्याची उंची कोणी कधी मोजली नव्हती. ओटा जसा होता तशी ती त्याच्यापुढे वाकत राहिली.

एक गोष्ट मला या पुस्तकाच्या बाबतीत नेहमी सलते. मुखपृष्ठावर तीन नावे आहेत, पण बहुतेकांच्या तोंडी एकच असते. दूरचित्रवाणीचे माध्यमच तसे आहे. ते एक चेहरा उचलते. सिमोन बेक यांनी आपल्या नॉर्मंडीतल्या घरच्या कितीतरी कृती या पुस्तकात ओतल्या, लुइझेटबाईंच्या वाट्याला काम आणि श्रेय दोन्ही कमी आले, आणि 1970 मधल्या दुसऱ्या खंडावर त्यांचे नावही नाही. त्या दुसऱ्या खंडात साध्या फ्रेंच पावाची कृती जवळजवळ वीस पाने चालते. घरच्या भट्टीत तो पाव जमेपर्यंत ज्युलिया आणि पॉल यांनी 284 पौंड पीठ संपवले होते. एवढा खटाटोप एकट्याने होत नाही, आणि या पुस्तकात जिथे जिथे लेखिका स्वतःविषयी बोलतात तिथे त्या 'आम्ही' म्हणतात. 2009 मध्ये ज्युलियाबाईंवर चित्रपट आला तेव्हा हे पुस्तक प्रकाशनानंतर 48 वर्षांनी पहिल्यांदा खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ज्युलियाबाई तोवर गेल्या होत्या, 2004 मध्ये, ब्याण्णवावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना. सिमोन आणि लुइझेट तर त्याही आधी.

मराठी घरात हे पुस्तक कोण वापरणार, असे मला कधीकधी विचारतात. त्यात इतके मांस, इतके बटर, इतकी वाइन. प्रश्न रास्त आहे. पण पुस्तकातली पहिलीच कृती बटाटे, लीक ही कांद्याच्या जातीची भाजी, पाणी आणि मीठ यांचे सूप आहे, आणि लीक नसेल तर कांदा घ्या असे तिथेच लिहिलेले आहे. भाज्यांचे प्रकरण तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखे वाचावे. त्यातले रातातुई मी वारंवार करते. वांगी आणि झुकिनी यांच्या जाड चकत्या मीठ लावून अर्धा तास ठेवायच्या, सुटलेले पाणी टाकून त्या पुसायच्या आणि ऑलिव्ह तेलात एका वेळी एकच थर मावेल एवढ्या, दोन्ही बाजूंनी परतायच्या. मग त्याच तव्यात कांदा, ढोबळी मिरची, लसूण. वर साल आणि बिया काढलेल्या टोमॅटोच्या फोडी, त्यांचा रस आटेपर्यंत. शेवटी सगळे थराथराने लावून मंद आचेवर थोडा वेळ. ही कृती झटपट होणारी नाही, असे लेखिका सुरुवातीलाच बजावतात, आणि कारणही देतात: प्रत्येक भाजी वेगळी शिजवली तरच प्रत्येकीचा आकार आणि स्वभाव शाबूत राहतो. मी त्यात लसणीच्या दोनच पाकळ्या घालते, पुस्तकात आहेत तेवढ्याच. हिरवी मिरची आणि गोडा मसाला घालायचा मोह आपल्यापैकी प्रत्येकाला होईल, पण पहिल्या खेपेला तो आवरावा, कारण नुसत्या तेलात, मिठात आणि पार्स्लीत वांगे कसे लागते हे आपल्याकडे फार थोड्यांनी चाखले आहे.